वाघदेवाला कुठून बोलवायचं

चैतीबाय नवऱ्याच्या तब्येतीची काळजी घ्यायची ती शिव्या देऊन. लाडक्याबाबाला खोकल्याची उबळ आली की ती चुलीपाशी बसल्या बसल्याच ओरडायची, "मरू नको हां मेल्या! तू गेलास तर माझं गानं जाईल." लाडक्याबाबा खाटेवर उठून बसायचा, खोकला आवरायचा आणि मला म्हणायचा, "बघ वसू, हिला मी नको. हिला गानं पायजे."

चेष्टेतलं बोलणं, पण खरं. चैतीबाय धवलेरी होती. वारल्यांकडे लग्न लावायला बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणते, देवांना मांडवात बोलावते, तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न झालं असं कोणी धरत नाही. आणि ही बाई सवाशीणच लागते. नवरा गेला की त्या दिवसापासून तिचं गाणं बंद. म्हणून चैतीबाय लाडक्याबाबाला आल्याचा काढा पाजायची, सकाळच्या उन्हात बसवायची, तो ताडी प्यायला निघाला की काठी घेऊन मागोमाग जायची. पाड्यातल्या बायका हसायच्या, "धवलेरीन बघा कशी नोकरी सांभाळते!"

माझे वडील करवळपाड्याच्या शाळेत मास्तर होते. आम्ही मूळचे कोकणातले, संगमेश्वरकडचे. बदली होऊन वडील इकडे आले तेव्हा मी चालायला लागले होते एवढंच. पारोळच्या पुढे तानसा नदी ओलांडली की डोंगराच्या पायथ्याशी हा पाडा. शाळेला लागूनच आमची खोली. आईला पहिल्या पावसाळ्यात रडू यायचं, भाजी मिळत नाही म्हणून. मग चैतीबाय दारात यायची, टोपलीत रानातली शेवळं घेऊन, आणि आईला दम द्यायची, "रडतेस काय? भाजी दुकानात उगवते काय? ही आंबट काकडं घालून शिजव, नायतर घसा खाजंल." शेवळाची भाजी करायला आई तिच्याकडून शिकली. पुढे विरारला राहायला आल्यावरही दर पावसाळ्यात आई मंडईत शेवळं शोधत फिरायची आणि मिळाली की म्हणायची, चैतीबायची चव नाही याला.

आता मी बोळिंजला राहते, चौथ्या मजल्यावर. विरारच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. पण संध्याकाळी दिवा लावून डोळे मिटले की मला अजूनही तो डोंगर दिसतो. माझ्या देवघरात गणपती आहे, अन्नपूर्णा आहे, गावच्या देवीचा फोटो आहे. आणि मिटल्या डोळ्यांपुढे येतो वाघदेव. का ते मला सांगता येणार नाही.

त्याला देऊळ नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर एक उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, आणि सगळं शेंदराने इतकं भरलेलं की वाघ कुठला नि चंद्र कुठला हे बोटाने चाचपून कळायचं. भोवती ऐनाची, उंबराची झाडं, करवंदीच्या जाळ्या. तिथली काडी कोणी उचलत नसे. झाड पडलं तर तिथंच कुजून माती व्हायचं. पावसाळ्यात चुलीला कोरडं लाकूड मिळेना तरी माथ्यावरच्या लाकडाला हात लावायचं कोणाच्या मनातसुद्धा यायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारसेला, मी चैतीबायबरोबर वर जायची. ती पुढे, मी मागे, माझ्या हातात नारळ. वर पोचली की ती दगडाकडे बघून आधी "आलो रे!" म्हणायची, घरातल्या माणसाला म्हणावं तसं. मग पदराने मान पुसत खाली बसायची. तिथून शेतं दिसायची, मिठागरं दिसायची, हवा स्वच्छ असली तर पार पलीकडे समुद्राची एक रेघ. मी एकदा विचारलं, "हा इथं बसून काय करतो गं?"

"बघतो."

"काय बघतो?"

"सगळ्यांची घरं बघतो. कोनाचं छप्पर गळतंय, कोनाची गाय व्याली, कोनाकडे लगीन हाय."

"लग्न दिसतं त्याला, तर बोलवायला कशाला लागतं?"

तिने माझ्या डोक्यात टपली मारली. "तुला शेजारच्या घरात पुरनपोळी दिसली तर तू बोलावल्याबिगर जाऊन बसशील काय?"

मी तर जाऊन बसले असते.

हे बोलावणं म्हणजे चैतीबायच्या गाण्याचा जीव. लग्नघरी भिंतीवर गेरू सारवून सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढत असतात, आणि धवलेरी सुपात तांदूळ नि दिवा घेऊन समोर बसून गाते. देवांना एकेक करून बोलावते. करवळपाड्यात याची एक रीत होती. धवलेरी देवाचं नाव घेऊन विचारायची, "दर्याचा देव येईल गो, कठून येईल?" आणि घराच्या कर्त्याने मोठ्यांदा सांगायचं, "मावळतीच्या पान्यावरून." मग ती पुढचं कडवं म्हणायची, की बाबा, मावळतीच्या पाण्यावरून ये, पाय धुवून ये, मांडवात बस. "कणसरी येईल गो, कठून येईल?" कणसरी ही धान्याची देवी, म्हणून कर्ता म्हणायचा, "खळ्यातून." ठिकाण घरच्या माणसाच्या तोंडूनच यायला पाहिजे. धवलेरीला माहीत असलं तरी ती आपल्या मनाने म्हणणार नाही. पाहुणा ज्याच्या घरी यायचा त्याने सांगावं, कुठून येणार ते. आणि गाणं सुरू झालं की तोडायचं नाही. ठिकाण मिळेपर्यंत तीच ओळ फिरून फिरून म्हणायची.

माझं लग्न वसईच्या एका हॉलमध्ये झालं. चैतीबाय आणि लाडक्याबाबा आले होते. चैतीबाय मागे खांबाला टेकून सगळा विधी कान देऊन ऐकत उभी होती, एक धवलेरी दुसऱ्याचं काम बघत असावी तशी. जेवताना मला म्हणाली, "तुमचा भटजी बरा हाय. आवाज हाय त्याला. पन एक इचारू? त्यानं नद्या बोलावल्या. गंगा बोलावली, यमुना बोलावली, गोदावरी का कोन ती बोलावली."

"हो, मंत्रातच आहेत त्या."

"आनि तानसा? जिचं पानी पिऊन तू वाढलीस तिला नाय बोलावली?" मग तीच हसली. "असू दे. मी बोलावलीय." आणि माझ्या ओटीत वाघदेवापुढचे चिमूटभर तांदूळ टाकले.

माझी बदली झाली, मुलं झाली, वडील गेले, आई गेली. करवळपाड्याला जाणं वर्षातून एकदा वाघबारसेला, कधी तेही नाही. पाड्यात सिमेंटची घरं आली, पोरं तुळिंजच्या बाजारात, वसईच्या कारखान्यांत कामाला जाऊ लागली. चैतीबायचा पुतण्या रामू ग्रामपंचायतीत निवडून आला. तो वडिलांचा विद्यार्थी. हुशार, धडपड्या, नळाचं पाणी पाड्यात त्याने आणलं. चैतीबाय त्याला चिडवायची, "रामू आता मोठा मानूस. त्याला भेटायचं तर आधी फोन करायचा."

तो फोन एक दिवस मलाच आला.

"ताई, जरा काम होतं. काकीला समजावायचंय. ती तुमचं ऐकते."

एका संशोधन संस्थेला पावसाचं रडार उभं करायचं होतं. उंच मनोरा, त्यावर मोठा पांढरा गोल घुमट. कुठे किती ढग आहेत, किती पाऊस येतोय, हे आधी कळणार. त्यासाठी चारी बाजूंनी उघडा असलेला माथा हवा होता, आणि तसा माथा एकच, वाघदेवाचा. संस्थेची माणसं वाईट नव्हती. त्यांनी गावाला विचारलं. देवाचा दगड मानाने खाली आणू, पायथ्याशी देऊळ बांधून देऊ, रस्ता करू, पाड्यातल्या पोरांना राखणीचं काम देऊ, असं सांगितलं. ग्रामसभेत हात वर झाले. चैतीबाय त्या सभेत नव्हती, लाडक्याबाबाला घेऊन दवाखान्यात होती. पायथ्याशी देऊळ बांधून झालं. बाहेरून पिवळं, आतून पांढऱ्या फरशा, वर कळस. रामूने ठरवलं, आपल्या मुलाचं, विकीचं लग्न आहे, सगळे पाहुणे जमलेलेच असतील, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत देव खाली आणू. फक्त काकी काही बोलत नव्हती. नाही म्हणत नव्हती, हो पण म्हणत नव्हती.

खरं सांगायचं तर मला यात वावगं काही वाटलं नाही. आदल्याच पावसाळ्यात आमच्या बोळिंजला पाणी भरलं होतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरात सगळे कपडे, गाद्या, मुलांची पुस्तकं भिजली. आम्ही त्यांना वर आमच्याकडे आणलं, वीज नाही, प्यायला पाणी नाही. आधी दोन तास कळलं असतं तर माणसांनी सामान तरी उचललं असतं. म्हणून मी गेले चैतीबायला समजवायला.

ती अंगणात मोहाची फुलं वाळवत बसली होती. लाडक्याबाबा खाटेवर. मी पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, "चैतीबाय, देव काय गं, सगळीकडेच असतो. वर असला काय नि खाली असला काय."

"तुझा असंल," ती म्हणाली.

"लोकांचा जीव वाचेल गं त्याने."

"वाचू दे की. मी कुठं मरा म्हनते?" तिने फुलं उलटीपालटी केली. "वसू, तुझी आई दर साल कठं जायची गं?"

"संगमेश्वरला. देवीची ओटी भरायला."

"एसटी बदलत बदलत. पोटात दुखत असलं तरी. तिला किती येळा सांगितलं, अगं इथंच भर ओटी, आमच्या हिमाईदेवीची भर. तर काय म्हनायची?"

आई काय म्हणायची ते मला पाठ होतं. *ती तिथली आहे, तिथेच जायला हवं.* आता आई नाही तर मी जाते. गुडघे दुखतात तरी जाते.

 खाटेवरून लाडक्याबाबा म्हणाला, "झाली समजावून? आता चा ठेव, पोर लांबून आलीय."

चहा पिता पिता चैतीबाय हळू आवाजात म्हणाली, "मी भांडनार नाय. गावानं हात वर केलेत, रामू माझा पोरच हाय. पन मला गाता येईल काय, त्ये मला ठाऊक नाय." तिला भीती वाटत होती. डोंगर जाईल याचीच नव्हे. लाडक्याबाबा फार थकला होता. विकीचं लग्न हे आपलं शेवटचं गाणं असेल, हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्या गाण्यात खोटं बोलायची पाळी येईल का, याचा तिला घोर लागला होता.

लग्नाला मी गेले. जांभळीच्या फांद्यांचा मांडव, त्याला रंगीत दिव्यांच्या माळा. विकीने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता, चैतीबायने तो काढून आपल्या पदराला बांधून ठेवला. "देव आले की ओळखतील तरी, कोन नवरा हाय." संस्थेतली अश्लेषा नावाची मुलगी आली होती. तिशीची असेल, मूळची पुण्याकडची, पाड्यात येऊन जाऊन सगळ्यांना ओळखू लागलेली. रामूने तिला मुद्दाम बोलावलं होतं. ती माझ्या शेजारी चटईवर बसली.

भिंतीवर चौक निघू लागला. हंसा, चैतीबायची सून आणि तिच्याकडेच गाणं शिकणारी, पीठ कालवून पुढे बसली होती. चैतीबायने सूप मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. आवाज चिरका झाला होता, पण सूर तोच, मी लहानपणी झोपेत ऐकलेला.  सूर्याला बोलावलं, चंद्राला बोलावलं. दर्याच्या देवाला बोलावलं, रामू म्हणाला, "मावळतीच्या पान्यावरून." कणसरीला बोलावलं, रामू म्हणाला, "खळ्यातून." तो खुशीत होता, डोक्याला नवा फेटा, आवाज खणखणीत.

"वाघदेव येईल गो, कठून येईल?"

रामूने तोंड उघडलं आणि तो थांबला.

मला वाटतं, त्याच्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. देऊळ बांधलं, वाजंत्री ठरवली, पाहुण्यांच्या जेवणाचं पाहिलं, सगळं पाहिलं, फक्त हे गाणं तो विसरला. लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून विसरला. आता 'माथ्यावरून' म्हणावं तर उद्या सकाळी त्याच देवाला तिथून उठवायचं. 'देवळातून' म्हणावं तर खालचं देऊळ रिकामं. मुलाच्या लग्नाचं बोलावणं रिकाम्या घरी गेलं असतं.

"वाघदेव येईल गो, कठून येईल?"

चैतीबायने डोळे उघडले नव्हते. गाणं तोडायचं नसतं म्हणून ती तीच ओळ म्हणत होती. हंसाचा पिठाचा हात भिंतीशी थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

रामू पुढे वाकून म्हणाला, "काकी, आज माथ्यावरून म्हन. उद्याचं उद्या बघू."

चैतीबायने सूर तसाच गळ्यात धरून ठेवला आणि दोन ओळींच्या मधल्या श्वासात बोलली, "पाहुन्याला पान वाढायचं नि मग ऊठ म्हनायचं? सोयऱ्याला तरी करशील काय असं?" आणि लगेच, "वाघदेव येईल गो, कठून येईल?"

"अगं, पन आता सगळं ठरलंय..."

"तू सांग कठूनबी. मी म्हनते. पन तू सांग." पुन्हा ओळ. मग, "विकीच्या पोरांच्या लग्नात हंसा हाच सवाल करील. तवा विकीनं काय सांगायचं त्येबी सांगून ठेव."

ती चिडलेली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती गात होती. अश्लेषाने मला कुजबुजत विचारलं, "काकू, काय झालं? आजी तेच तेच का म्हणतायत?" मी तिला सांगितलं, की देवाला कुठून बोलवायचं ते घरच्यांनी सांगायचं असतं, आणि ते सांगेपर्यंत लग्न पुढे जात नाही. तिने खाली रिकाम्या देवळाच्या कळसाकडे बघितलं, मग वर डोंगराकडे. तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. चैतीबायचा आवाज बसत चालला. एका ओळीवर तो तुटेल की काय असं वाटलं. तेवढ्यात मांडवाबाहेरच्या खाटेवरून लाडक्याबाबा खोकत ओरडला, "अरे रामू, बोल की लवकर! मी आत्ता मेलो तर हिचं गानं आर्ध्यात राहील, नि तुझा पोर बिनलग्नाचा!"

आधी एक बाई हसली. मग सगळा मांडव हसला. विकी हसला, हंसा हसली, रामूलाही हसू आलं आणि हसता हसता त्याने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मग तो उभा राहिला. असं उभं राहून सांगायची रीत नव्हती, पण तो राहिला.

"माथ्यावरून," तो म्हणाला. "माथ्यावरून येईल. तिथंच हाय तो, नि तिथंच ऱ्हाईल."

चैतीबायने पुढची ओळ उचलली. मागच्या बायकांनी ती झेलली, बाहेरच्या पुरुषांनीही, ज्यांनी सभेत हात वर केले होते त्यांनी सुद्धा. माथ्यावरून ये, ऐनाच्या सावलीतून ये, पाय धुवून ये, मांडवात बस. मी आजवर गाभाऱ्यांत उभी राहिले आहे, पण तेव्हा मी हात जोडले तसे फार कमी वेळा जोडले असतील.

"मग उद्या?" अश्लेषाने विचारलं.

"उद्या काही नाही," मी म्हटलं. "उद्या विकीची वरात."

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. रामूने नव्याने ग्रामसभा बोलावली आणि आपलाच ठराव आपणच मागे घेऊ म्हणून उभा राहिला. त्याला बोल लावणारे होतेच. रस्ता गेला, पोरांची कामं गेली, असं तोंडावर म्हणाले लोक. संस्थेतले मोठे साहेब रागावले. अश्लेषाने बाजूच्या खडकाळ टेकडीवर मोजमापं घेतली. ती टेकडी बुटकी, तिथून सगळं दिसत नाही, असं साहेब म्हणाले. ते खरंही होतं. कागद इकडून तिकडे फिरत राहिले. मधल्या काळात लाडक्याबाबा खाटेवरच होता आणि चैतीबाय त्याला सांगायची, "ह्ये काय होतंय त्ये बघून जा, आधी जायचं नाय."

शेवटी रडार त्या बुटक्या टेकडीवरच उभं राहिलं. रस्ता निम्माच झाला, राखणीला दोन पोरं लागली. पांढरा घुमट मोठ्या अंड्यासारखा दिसतो. चैतीबाय त्याला 'अश्लेषाचा कोंबडा' म्हणायची. का, तर पावसाआधी ओरडतो म्हणून.

एकदा वाघबारसेला अश्लेषा आमच्याबरोबर वर आली. चैतीबायला आता चढवत नव्हतं, रामूने तिला पाठीवर घेतलं होतं. अश्लेषाने आपल्या मोबाईलवर रडारचं चित्र दाखवलं. हिरवे, पिवळे ढग, आणि मधूनच एक काळी पट्टी, पंख्याच्या पातीसारखी. "आजी, हा वाघदेवाचा डोंगर. हा आडवा येतो ना, म्हणून याच्या मागचं आम्हाला काही दिसत नाही. तेवढ्या भागाचं दुसरीकडून बघावं लागतं."

चैतीबायने मोबाईल डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं. "मागचं त्यो बघतो," ती म्हणाली. "तू पुढचं बघ." मग मोबाईल परत देत म्हणाली, "तेवढं आभाळ ऱ्हाऊ दे त्याला."

खालचं पिवळं देऊळ तसंच आहे. त्यात देव नाही, पण सावली आहे. एसटीची वाट बघणारी माणसं तिथे बसतात, आणि कंडक्टर त्या थांब्याला 'रामूचं देऊळ' म्हणतो. रामू आता चिडत नाही.

लाडक्याबाबा त्या वाघबारसेनंतरच्या थंडीत गेला. चैतीबाय रडली नाही. त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "जा आता. माझं झालंय गाऊन." बारावा झाल्यावर तिने आपलं सूप हंसाला दिलं.

हंसाने पहिलं लग्न लावलं ते पाड्यातच, आणि मी गेले होते. चैतीबाय मांडवात आली नाही. रीतीप्रमाणे आता तिला आत यायचं नव्हतं. बाहेर लाकडांच्या ढिगाशी, लाडक्याबाबाची खाट असायची तिथे ती बसली. मी तिच्याजवळ बसले. आतून हंसाचा आवाज येत होता, कोवळा, जरा घाबरलेला. चैतीबायचे ओठ घट्ट मिटलेले, पण मांडीवरची बोटं ओळीमागून ओळ मोजत होती. वाघदेवाची ओळ आली.

"वाघदेव येईल गो, कठून येईल?"

चैतीबायची बोटं थांबली. मी तिचा हात धरला.

"माथ्यावरून!" आतून नवरीचा बाप म्हणाला. त्याच्यामागून विकी, रामू, आणि कोणी शिकवलेलं नसताना पाच-सहा पोरंटोरं.

चैतीबायने हळूच श्वास सोडला. मग थोडा वेळ ऐकत राहिली, मान तिरकी करून, माझ्या लग्नात खांबाला टेकून ऐकत होती तशी.

"सूर खाली लावला तिनं," ती म्हणाली. "शिकंल. चल वसू, भूक लागली. आत काय शिजलंय बघून ये."